थोरला नेचा कसा ओळखावा?

नेचा म्हटला म्हणजे विहिरीच्या कपारींत डोलणारीं हातभर पानें विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर येतात. परंतु पश्चिम घाटाच्या दक्षिण भागांत, ओढ्याकांठच्या दाट सावलींत, असाही नेचा वाढतो कीं ज्याचें एकेक पान पंधरा फुटांपर्यंत लांब भरतें. ह्या प्रजातीला हॉफमन ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें १७९६ सालीं अँजिऑप्टेरिस असें नांव दिलें.

पुष्कळ लोक त्यास वृक्षनेचा समजतात. वृक्षनेच्याला उंच, सडपातळ खोड असतें. ह्याचा बुंधा आंखूड, जाडा व जमिनीलगत बसलेला. तेव्हां दुरून निर्णय करूं नये, जवळ जाऊन देठाच्या बुडाशीं पाहावें. तेथें कानाच्या पाळीसारखीं दोन मांसल उपपर्णें असतात. मग पिसासारख्या बाजूच्या फांट्यांचा सांधा चांचपावा. तो बोटाच्या पेराप्रमाणें फुगलेला लागतो. आम्हांस हीच खूण अधिक भरंवशाची वाटते, कारण पान वांझ असलें तरी ती चुकत नाहीं.

पानाच्या पाठीवर, कडेजवळ, बीजाणूंच्या पिशव्यांच्या दोन रांगा दिसतात. त्या सुट्या असतात, वर पडदा नसतो. मॅरॅटिया ह्या त्याच्या आप्तांत मात्र त्या जुळून एकच डबी बनते. ह्या घराण्याचे पूर्वज सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वींच्या दगडी कोळशाच्या थरांत सांपडतात!

बागेच्या हौसेनें कित्येकजण हा नेचा बुंध्यासकट उपटून नेतात, तें अगदीं अनावश्यक आहे. एखादें उपपर्ण दमट मातींत पुरलें तरी त्यास कोंब फुटतो, आणि मूळ झाड ओढ्याकांठीं उभें राहतें.