डीएनएचे खोटे तुकडे आणि माझी फजिती

आज बोलूया मुद्दाम बनवलेल्या खोट्या डेटाबद्दल. त्यानं मला कसं तोंडावर पाडलं, तेही सांगतो.

इल्युमिनाचं मशीन डीएनए सलग वाचत नाही. साधारण दीडशे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं, त्यांना म्हणतात रीड. त्यांतून म्युटेशन शोधायचं काम सॉफ्टवेअरचं. पण त्याचं उत्तर बरोबर कशावरून? खऱ्या नमुन्याचं उत्तर आपल्यालाच माहीत नसतं ना! म्हणून ओळखीचा जीनोम घ्यायचा, त्यात बदल पेरायचे आणि कॉम्प्युटरवरच रीड तयार करायचे. म्हणजे उत्तरं आधीच आपल्या खिशात.

मी घेतलं डब्ल्यूजीसिम, हेंग ली यांचं छोटंसं फुकट टूल. ई. कोलाय या जिवाणूचा जीनोम सुमारे ४६.४ लाख अक्षरांचा. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचायची, तर १५० अक्षरी रीडच्या ४.६४ लाख जोड्या लागतात. (जिवाणूसाठी हॅप्लॉइडचा पर्याय द्या, नाहीतर ते जीनोमच्या दोन प्रती धरतं. आणि पेरलेल्या बदलांची यादी फाइलमध्ये वळवा, नाहीतर स्क्रीनवरून वाहून जाते!)

माझी एक चाळणी होती: ज्या अक्षराची क्वालिटी कमी, ते टाकायचं. निकाल झकास आला. मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "अरे, पण चाळणीनं टाकलं किती?"

शून्य.

डब्ल्यूजीसिम सगळ्या अक्षरांना एकच क्वालिटी देतं आणि चुका रीडभर सारख्या पसरवतं. खऱ्या मशीनमध्ये तसं नसतं. तिथं एकाच तुकड्याच्या कितीतरी प्रती एकत्र वाचल्या जातात, फेरीला एक अक्षर. काही प्रती मागे पडतात, काही पुढे पळतात. लेझीमच्या पथकाचा ठेका हळूहळू सुटावा, तसा सिग्नल गढूळ होतो. म्हणून रीडच्या शेपटाकडे चुका वाढतात.

मग आर्ट वापरलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या टूलमध्ये खऱ्या मशीनच्या डेटावरून बनवलेले चुकांचे साचे असतात. फक्त, आर्ट बदल पेरत नाही. बदललेला जीनोम आपणच द्यायचा. तो दिला, आणि माझ्या चाळणीनं शेपटांबरोबर पेरलेले खरे बदलही गाळून टाकले.

आता कटऑफ खाली आणलाय. थिसिसचं ते प्रकरण मात्र पहिल्यापासून लिहितोय.