गुरुवारची संध्याकाळ : राजवाडा, सराफा आणि आपली माणसं

इंदूरच्या मराठी घरात पाहुणा आला की त्याला रात्री सराफ्यात न्यायचं, हा जणू नियमच आहे. पाहुणे गेले की मात्र आपण स्वतः महिनोन्‌महिने तिकडे फिरकत नाही. आम्ही काही जुने मित्र बरीच वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी भेटतो, चालतो आणि थोडंसं खातो. हा नेम टिकवायला काय लागतं, ते मंडळाच्या सभासदांना सांगावंसं वाटलं.

आम्ही जमतो कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी. खान नदीकाठची ही होळकरांची स्मारकं संध्याकाळच्या उजेडात छान दिसतात. तिथून राजवाडा जवळच. सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. समोरच्या बागेत अहिल्यादेवींचा पुतळा आहे. तिथे बसून अर्धा तास गप्पा झाल्या की मागच्या बाजूला सराफ्याकडे वळायचं.

सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री पेढ्यांची शटरं खाली आली की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोर खाण्याची दुकानं लागतात, ती मध्यरात्र उलटेपर्यंत चालतात. गल्लीत रात्री वर्दळ राहिली तर पेढ्यांची आपोआप राखण होते, म्हणून सराफांनीच हे चालू दिलं, असं जुने लोक सांगतात.

खाण्यात ऋतू पाहावा. थंडीत गराडू. हा एक कंद असतो. त्याच्या फोडी तळून वर लिंबू आणि जिरावन मसाला घालतात. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, म्हणजे कोवळं कणीस किसून तूप-दुधात शिजवलेला. साबुदाण्याची खिचडी इथे आपल्या घरच्यासारखी तुपात परतत नाहीत, वाफेवर ठेवतात आणि वर फराळी चिवडा, लिंबू घालून देतात. शिकंजीही लिंबाची नसते, ती दाट दुधाची असते. ती एक घेऊन दोघांत प्यावी.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक मित्र यायचा बंद झाला. "आज जमत नाही रे," एवढंच फोनवर म्हणायचा. त्याच्या मधुमेहावरून कुणीतरी जिलबीच्या दुकानासमोर थट्टा केली होती. आम्हाला वाटलं, तो रागावला. मग आम्हीही फोन कमी केले. चार महिने असे गेले. शेवटी वहिनींनीच सांगितलं, "भाऊजी, राग कसला? त्यांचे गुडघे दुखतात. तुम्ही पुढे जाता, मग यांच्यासाठी थांबता. ते त्यांना नको वाटतं. दर गुरुवारी सहा वाजले की कपडे बदलून बसतात आणि पुन्हा काढून ठेवतात."

हे ऐकून आम्हाला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांची मैत्री, आणि त्याचे पाय दुखतात हे आम्हाला कळलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सगळे त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "अरे, सांगायला लाज वाटली."

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी बदलल्या.

पहिली, वार पक्का. "कधीतरी भेटू" म्हटलं की भेट होत नाही.

दुसरी, चाल सगळ्यात हळू चालणाऱ्याची. ज्याला चालवत नाही तो रिक्षाने थेट राजवाड्यासमोर येतो, बाकीचे चालत येऊन त्याला भेटतात. महिन्यातून एकदा छप्पन दुकानला जातो. तिथे वाहनं आत येत नाहीत आणि बसायला जागा मिळते.

तिसरी, एक पदार्थ दोघांत. चवही मिळते, पोटही बिघडत नाही. आणि कुणाच्या पथ्यावर थट्टा नाही.

चौथी, हिशेब आधीच. सगळे महिन्याची सारखीच वर्गणी देतात, ती एकाकडे राहते. पाकीट कुणी काढायचं यावरून ओढाताण होत नाही, आणि पेन्शन कमी असलेल्याला संकोचही वाटत नाही.

पाचवी सगळ्यात महत्त्वाची. लागोपाठ दोन गुरुवार कुणी आला नाही, तर फोन न करता घरी जायचं. फोनवर माणूस "ठीक आहे" म्हणतो. घरी गेल्यावर खरं कळतं.

आमचा तो मित्र आता रिक्षाने येतो आणि बहुतेक वेळा आमच्या आधी पोचतो. पुतळ्यासमोरच्या बाकावर बसून आम्हालाच विचारतो, "काय रे, इतका उशीर?"

आपल्यापैकी प्रत्येकाचा असा एखादा मित्र असेल, जो हल्ली "जमत नाही" म्हणतो. या आठवड्यात त्याच्या घरी एक चक्कर मारा.