केमो लांबली, पण कशामुळे?

‘वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. टाक्यांत पू झाल्याने केमो लांबली. आता घेऊन उपयोग आहे का?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

उपयोग आहे. केमो साधारणपणे चौथ्या ते आठव्या आठवड्यादरम्यान सुरू करतात. त्याआधी घाई करत नाहीत, कारण गाठीचा भाग काढून आतड्याची दोन टोके जिथे जोडलेली असतात, तो जोड पहिले काही दिवस फक्त टाक्यांच्या भरवशावर असतो. तो भरून यायला नव्या पेशी लागतात आणि केमो वाढत्या पेशींनाच मारते. जोड सुटून मळ पोटात पसरला, तर जिवावर बेतते.

मग आणखी थांबले तर? इथे पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर आठवतात. उंदरांमधली मुख्य गाठ काढल्यावर चोवीस तासांत दूरच्या उरलेल्या गाठीतल्या पेशी जोमाने विभागू लागतात, असे त्यांच्या गटाने 1979मध्ये दाखवले. मोठे झाड तोडल्यावर सावलीतली रोपे तरारून वर यावीत, तसेच हे. औषध ऑपरेशनच्या आधी दिले की हा जोर सर्वांत चांगला आवरतो, हेही त्यांना उंदरांत दिसले. मला फिशर मोठे वाटतात ते पुढच्या पावलामुळे. आपलाच विचार त्यांनी दीड हजारांवर स्तनकॅन्सरग्रस्त स्त्रियांमध्ये तपासला. केमो आधी दिली काय नि नंतर दिली काय, जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि तो निकाल त्यांनी तसाच जाहीर केला. उंदरांवरच्या प्रयोगाच्या बातमीने हुरळून जाणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आतड्याच्या कॅन्सरबद्दलचा ठळक आकडा 2011चा आहे. दहा अभ्यास, पंधरा हजारांवर रुग्ण. दर चार आठवड्यांच्या उशिराबरोबर मृत्यूचा धोका 14 टक्क्यांनी वाढलेला. हा आकडा ऐकून घरचे हादरतात. पण शंभरातले आणखी चौदा जण दगावतात, असा त्याचा अर्थ नाही. एरवी तीस दगावणार असतील, तर ते तेहतीस-चौतीस होतील, इतकाच. शिवाय उशीर होतो तो बहुधा ज्यांची जखम चिघळली, ज्यांना मधुमेह आहे, जे अशक्त आहेत त्यांनाच, आणि त्यांना धोका एरवीही जास्तच असतो. संशोधकांनी हे फरक वजा करण्याची काळजी घेतली होती, तरी ते पूर्णपणे वजा होत नाहीत. मुद्दाम उशीर करून तपासणे तर कुणाही डॉक्टरला शक्य नाही.

म्हणून जखम भरण्यात गेलेल्या आठवड्यांची हळहळ नको. चीड यावी ती फाइल, मंजुरी आणि रिपोर्टच्या खेपांत गेलेल्या आठवड्यांची. किती लसिकाग्रंथींत कॅन्सर पोचला हे काढलेल्या भागाच्या रिपोर्टवरून कळते आणि केमोचा निर्णय बराचसा त्यावरच ठरतो. पण त्या रिपोर्टची वाट न पाहता कॅन्सरतज्ज्ञाची वेळ डिस्चार्जच्या दिवशीच घेऊन ठेवता येते. या वाचकाने आता पू पूर्ण थांबला का, वडिलांचे जेवण सुधारले का, हे पाहावे आणि रक्ताचा ताजा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात वडिलांना कॅन्सरतज्ज्ञाकडे न्यावे.