जुना कॅमेरा काढताना

आपल्यापैकी पुष्कळांच्या दारावर मुलांनी कॅमेरे बसवून दिलेत. आमच्या अश्दोदच्या घरीही होता. रेकॉर्डर बंद पडून पाच महिने झाले, तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, द्या फेकून. मोबाईलवर दिसणारा नवा लावू." मी डबा उचलून कचऱ्यापर्यंत नेलाही. तिथे आठवलं, की तो बंद पडला तो आठवडा म्हणजे ही गेली तोच.

या रेकॉर्डरचं काम असं चालतं. आत एक डिस्क असते. ती भरली, की सर्वांत जुनं चित्र पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. यंत्र थांबलं, की पुसणंही थांबतं. म्हणजे हिचे शेवटचे काही आठवडे त्या डब्यातच होते. मी डबा परत घरी आणला.

भायखळ्याला मी बरीच वर्षं रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे पेचकस हातातला. तरी ७६व्या वर्षी शिडीवर चढलो नाही. कॅमेरा नातवाने उतरवला, मी खाली खुर्चीवर बसून सूचना दिल्या. त्याला त्या आवडल्या नाहीत, ते सोडा. समुद्राच्या हवेने स्क्रू गंजले होते. अशा वेळी जोर लावू नये. गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबावं. जोर लावला, की पेचकस निसटतो आणि माणूसही.

पण त्याच्या आधी वीज. रेकॉर्डर चालू असेल तर माऊसने मेनूतून बंद करा, डिस्कची घरघर थांबू द्या, मगच भिंतीतला प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडणार असाल तर शुक्रवारी दुपारी नको. आमच्याकडे शब्बाथची प्लाटा त्याच लाईनवर निघाली आणि जेवण गार झालं! पुष्कळ घरांत रेकॉर्डरला यूपीएस जोडलेला असतो. त्यात बॅटरी असल्यामुळे घरातली वीज गेली तरी तो २३० व्होल्ट देत राहतो. त्याचं बटण बंद करून रेकॉर्डरची वायर त्यातूनही काढा.

कॅमेऱ्याला स्वतःचे १२ व्होल्ट लागतात, त्याने शॉक बसत नाही. मात्र ते १२ व्होल्ट करणारा अडॅप्टर कधी छताच्या खोक्यात, उघड्या जोडांसह लपवलेला असतो. तिथे भिंतीतली पूर्ण वीज येते. ते खोकं आपण उघडू नये, हशमलाईला बोलवावं. काही मोठ्या रेकॉर्डरच्या पोटात पॉवर सप्लायची पत्र्याची पेटी असते, तिलाही हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातले कपॅसिटर काही वेळ वीज धरून ठेवतात. रेडिओच्या दिवसांत असा एक झटका खाल्लाय, अजून आठवतो.

झाकण काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या आणि स्क्रू वाटीत ठेवा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घाला. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. डिस्कला दोन वायरी असतात, त्या टोपीला धरून ओढायच्या, वायरीला नाही. खालचे चार स्क्रू काढले, की डिस्क सुटते. बोर्डावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती ताबडतोब चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेवा. लहान मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. नुसता संशय आला तरी १०१ फिरवा, वाट बघू नका.

आता माझी चूक सांगतो. डिस्क मुलाच्या कॉम्प्युटरला लावली, तर त्याने विचारलं, फॉरमॅट करू का? मी 'हो'वर बोट नेलं होतं. नातवाने हात धरला. ही डिस्क रेकॉर्डरच्याच पद्धतीने लिहिलेली असते, कॉम्प्युटरला ती बहुधा कोरी वाटते. अशा वेळी नेहमी 'नाही'. दुकानदाराने त्याच कंपनीच्या दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये ती लावून हवा तो भाग पेनड्राईव्हवर काढून दिला. तिथेही 'आधी फॉरमॅट करू नका' असं दोनदा सांगितलं.

चित्रात ही दारातल्या खुर्चीवर बसून कोथिंबीर निवडतेय. आवाज नाही. मध्येच वर बघते, बहुतेक मी आतून काहीतरी विचारलं असेल.

ज्यांना आतलं काही नको असेल, त्यांनीही डिस्क तशीच टाकू नये. तुम्ही घरातून कधी निघता, कोण येतं, सगळं तिच्यात असतं आणि नुसतं डिलीट केल्याने ते जात नाही. घरातल्या तरुणाला चष्मा लावून ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडायला सांगा. बाकीचा डबा, कॅमेरे, बॅटऱ्या साध्या कचऱ्यात नकोत. इथे २०१२ च्या कायद्याने, नवं यंत्र घेताना तसलंच जुनं दुकानदाराने फुकट परत घ्यावं लागतं. आमचं तसंच गेलं.

डिस्क मात्र दिली नाही. दुकानदाराने दिलेल्या चंदेरी पिशवीत घालून हिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवलीय आणि वर तारीख लिहिलीय, म्हणजे मुलं आवरायला आली तर टाकणार नाहीत.