चाकांवरचं घर

 

मागच्या महिन्यात एका गावात आम्ही बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते जमा झाले, वही भरून झाली. उठता उठता गटातल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, "पोरं म्हणतात, घर आत्ताच आमच्या नावावर कर. मग चार महिने थोरल्याकडं, चार मधल्याकडं, चार धाकट्याकडं राहा. काय करू गं?" कुणालाच काही बोलता येईना.

त्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत. सगळ्या त्यांना बाई म्हणतात. बाई नुकत्याच अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आल्यात. त्या म्हणाल्या, "तिथं शेजारी एक म्हातारं जोडपं यायचं. तेही लेकीकडंच यायचे, पण आपलं घर बरोबर घेऊन." बायका हसल्या. घर कसं बरोबर घ्यायचं? मग बाईंनी सगळं सांगितलं. आम्हीही नंतर त्याविषयी बरंच वाचलं. आज तेच तुम्हाला सांगणार आहोत. मावशींच्या प्रश्नाकडे शेवटी येऊच.

अमेरिकेत या गाडीला आरव्ही म्हणतात. काही आरव्ही एसटीएवढ्या लांब असतात आणि स्वतःच्या इंजिनावर चालतात. काही जीपगाडीच्या मागे जोडून ओढायच्या असतात. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, मोरी, संडास, सगळं. काही गाड्यांची एक भिंत बटण दाबलं की बाहेर सरकते आणि खोली रुंद होते. नोकरीतून निवृत्त झालेली कित्येक जोडपी वर्षातले काही महिने अशा गाडीत काढतात. काही जण तर राहतं घर विकून कायमचे तिच्यातच राहायला जातात.

आता तुम्ही विचाराल, पाण्याचं काय आणि संडासाचं काय? आम्हालाही पहिला प्रश्न हाच पडला. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एकीत चांगलं पाणी, साधारण दीडशे ते तीनशे लिटर. म्हणजे आपले दहा-वीस हंडेच. दुसरीत मोरीचं आणि भांड्यांचं सांडपाणी. तिसरीत संडासाचं. पाणी मोजकं, म्हणून अंघोळीतही अंग भिजवून नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग पुन्हा सोडायचा. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना हे शिकवायला नको!

टाक्या भरल्या की ठरलेल्या जागी जाऊन, जाड नळी लावून त्या रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग सांडपाण्याची. म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी आपोआप धुतली जाते. हे काम करायला दुसरं कुणी येत नाही. साहेब म्हणून निवृत्त झालेला माणूससुद्धा हातमोजे चढवतो आणि आपल्या घरची घाण आपणच काढतो. बाईंना तिथं सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

मुक्काम कुठे करायचा? त्यासाठी कॅम्पग्राउंड असतात. झाडांमध्ये आखलेल्या जागा, प्रत्येक जागेवर विजेचा खांब, पाण्याचा नळ, कुठे कुठे सांडपाण्याची सोयही. शेजारी कपडे धुण्याची यंत्रं, अंघोळीच्या खोल्या, बाहेर बसायला टेबल आणि शेकोटीची जागा. केओए नावाची अशा मुक्कामांची मोठी साखळी आहे. १९६२ मध्ये मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात, यलोस्टोन नदीकाठी तिची सुरुवात झाली. खासगी कॅम्पग्राउंडला रात्रीचे साधारण चाळीस ते ऐंशी डॉलर पडतात. सरकारी जंगलातल्या जागा बऱ्याच स्वस्त असतात, पण तिथे सोयी कमी. वयाची ६२ वर्षं पूर्ण झालेल्या अमेरिकन माणसाला ८० डॉलरमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा पास मिळतो. बऱ्याच सरकारी मुक्कामांचं भाडंही त्यावर निम्मं होतं.

ज्यांच्याकडे पैसा बेताचा, ते कॅम्पग्राउंडवरच काम धरतात. आल्यागेल्याची नोंद करायची, संडास-बाथरूम स्वच्छ ठेवायचे, लाकूडफाटा विकायचा. त्या बदल्यात जागा फुकट मिळते.

या जोडप्यांचं वर्ष ऋतूंवर चालतं. उन्हाळ्यात उत्तरेला, थंडी पडली की दक्षिणेला ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडाकडे. ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचं काही हजार वस्तीचं गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या भोवती गाड्यांची जत्रा भरते. तिथल्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिने राहायचा परवाना कित्येक वर्षं फक्त १८० डॉलरला मिळत आला. दरवर्षी तीच माणसं तिथे भेटतात, एकमेकांच्या गाड्या दुरुस्त करतात, संध्याकाळी एकत्र जेवतात.

आणि वाटेत मुलं. एक लेक एका राज्यात, मुलगा हजार मैलांवर दुसऱ्या राज्यात. मुलाच्या अंगणात गाडी लावायची, एक लांब वायर ओढून वीज घ्यायची आणि आठ-पंधरा दिवस राहायचं. दिवसा नातवंडांत, रात्री आपल्या पलंगावर. बाईंच्या शेजारची ती आजी म्हणाली होती, "सकाळचा चहा मी माझ्या शेगडीवर, माझ्या वेळेला करते. त्यामुळे सुनेचं नि माझं छान जमतं." बाई आम्हाला म्हणाल्या, "मी सहा महिने मुलाच्या घरी होते. सून गुणी आहे. पण चहाच्या पातेल्याला हात लावताना मी रोज विचारायची, लावू का?"

मैत्रिणींनो, हे सगळं ऐकायला गोड आहे. पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी.

नवी मोठी गाडी लाख डॉलरच्या पुढे जाते, आणि घराची किंमत वाढते तशी तिची वाढत नाही, दरवर्षी उतरते. मोठी गाडी एका लिटरला जेमतेम तीन-चार किलोमीटर जाते. बऱ्याच वसाहतींत अंगणात अशी गाडी उभी करायला परवानगी नसते, मग लेकीच्या दारात येऊनही मुक्काम लांब करावा लागतो. वयाच्या ६५ व्या वर्षापासून मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो, पण ओळखीचा डॉक्टर मात्र मागे राहतो. सगळेच हौसेनं फिरतात असंही नाही. २००८ च्या मंदीनंतर घर परवडेना म्हणून गाडीत राहायला आलेले कितीतरी म्हातारे आहेत. गोदामात, साखरेच्या बिटाच्या हंगामात ते मजुरी करतात. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली त्यांच्यावर 'नोमॅडलँड' हे पुस्तक लिहिलं. त्यावरच्या सिनेमाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. पोटासाठी बिऱ्हाड उचलणं म्हणजे काय, हे आपल्या ऊसतोडीच्या कोपीत राहिलेल्या बाईला सांगावं लागणार नाही.

आणखी एक प्रश्न. नवऱ्याच्या छातीत कळ आली आणि दवाखाना शंभर किलोमीटरवर असला, तर हे घर चालवणार कोण? म्हणून तिथे बायकांना ही गाडी चालवायला शिकवणारे खास वर्ग भरतात. चाललेल्या गाडीत नुसतं शेजारी बसून भागत नाही. आपल्या गटात आम्ही म्हणतो ना, पासबुक कुठे आहे आणि त्यात किती आहे हे बाईला माहीत हवं, तेच हे.

आणि एक दिवस गाडी चालवणं थांबतंच. जो आणि के पीटरसन या जोडप्यानं १९७८ मध्ये 'एस्केपीज' नावाचा क्लब काढला. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला त्यांनी अशा थकलेल्या प्रवाशांसाठी जागा केली. गाडी तिथे कायमची उभी करायची, आपल्याच गाडीत राहायचं, जेवणाला आणि सोबतीला माणसं शेजारी.

मुख्य गोष्ट पैशाची. हा सगळा संसार चालतो तो बहुतांशी म्हातारपणच्या सरकारी निवृत्तिवेतनावर आणि आयुष्यभराच्या बचतीवर. त्या देशात १९३९ पासून एक नियम आहे. जन्मभर घरकाम केलेल्या बायकोलाही नवऱ्याच्या नोंदीवर स्वतःच्या नावानं रक्कम मिळते, त्याच्या पूर्ण हक्काच्या निम्म्यापर्यंत. त्या गाड्यांच्या मागे एक थट्टेची पाटीही दिसते: 'आम्ही पोरांचा वारसा खर्च करतोय.' थट्टा असली तरी अर्थ खरा आहे. कमावलं आम्ही, आधी पुरेल आम्हाला, उरलं तर पोरांना.

आता मावशींचा प्रश्न. आपल्याला गाडी घ्यायची नाही. पण त्या आजीकडे होतं ते आपल्याकडेही हवं: स्वतःची चूल आणि तिची किल्ली. म्हणून आम्ही मावशींना तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, घर आत्ता देण्यापेक्षा मृत्युपत्र करा. ते आपल्यामागेच लागू होतं आणि जिवंतपणी बदलता येतं. दुसरी, बक्षीसपत्र करायचंच असेल, तर 'मुलांनी आमचा सांभाळ करायचा' ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते रद्द करून घेता येतं. अट तोंडी राहिली तर भांडणं अवघड होतं. सही करण्याआधी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा, तिथे बायकांना मोफत सल्ला मिळतो. तिसरी गोष्ट तरुण सुनांसाठी. वय १८ ते ४० असेल तर अटल पेन्शन योजनेची बँकेत चौकशी करा. साठीनंतर महिन्याला एक ते पाच हजार, तुमच्या स्वतःच्या खात्यावर.

मावशींनी अजून सही केलेली नाही. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरांकडं जाईन की, चार-आठ दिवस. मग माझ्या घरी येईन."

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एकच गोष्ट एकमेकींना विचारा: राहतं घर कुणाच्या नावावर आहे? उत्तर वहीत लिहा. आम्ही येऊ तेव्हा पुढचं बोलू.