लिद्दरचा ट्राउट आणि हलकीफुलकी माशी

उन्हाळ्यात पहलगामला गेलात, तर लिद्दर नदीच्या गार पाण्यात गुडघाभर उभं राहून दोरी फिरवणारे लोक दिसतील. हे फ्लाय फिशिंग: नकली माशी दाखवून ट्राउट मासा पकडायचा. त्यातल्या या भन्नाट गोष्टी!

पाहुणा झाला घरचा: ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. 1899 मध्ये काश्मीरसाठी निघालेली अंडी वाटेतच खराब झाली. 1900 मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी मात्र तगली.

1800 वर्षांचा छंद: मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे पकडत, असं रोमन लेखक एलियनने लिहून ठेवलंय.

सह्याद्रीचं पीस: आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. नकली माशीचे डोळे करायला जगभर या पिसांना मागणी. भारतात आता या पक्ष्याच्या शिकारीला बंदी आहे. परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

वजन दोरीचं: माशीला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे ती फेकता येत नाही. जाड, वजनदार दोरी मागेपुढे झुलवून सोडायची. माशी तिच्यामागून आपोआप जाते.

तोंड आहे, जेवण नाही: ट्राउटचा आवडता खाऊ म्हणजे मेफ्लाय. तिची पिल्लं पाण्यात महिनोन् महिने वाढतात. पंख फुटल्यावर मात्र ती काही खातच नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत संपते.

मागून या, वाकून या: प्रवाह खाऊ घेऊन येतो, म्हणून ट्राउट त्याच्याकडे तोंड करून थांबतो. पाण्याबाहेरचं जग त्याला डोक्यावरच्या गोल खिडकीतून दिसतं. त्यामुळे जाणकार खालच्या अंगाने, वाकून जातात. माशी प्रवाहाच्याच वेगाने वाहायला हवी. दोरीच्या ओढीने ती जराशी आडवी सरकली, मागे बारीक रेघ उमटली, की वर आलेला ट्राउट तोंड फिरवतो.

वीस अंशांची लक्ष्मणरेषा: पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या वर गेलं, तर दमलेला ट्राउट सोडून दिल्यावरही दगावू शकतो.

म्हणून हौस करायचीच, तर मत्स्यव्यवसाय विभागाचा परवाना काढा आणि पहाटेच नदी गाठा. गळ बिनकाट्याचा घ्या. हात ओले करूनच मासा धरा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर टिकतो. आणि रॉडसोबत थर्मामीटर न्यायला विसरू नका. पाणी तापलं, की त्या दिवसाचा खेळ थांबवायचा!