गाठ त्वचेपर्यंत पोहोचली तरी...

स्तनातली गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून अनेक स्त्रिया ती महिनोन्‌महिने अंगावर काढतात. मग त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड व खळगेदार दिसू लागते. कधी चिघळलेली, दुर्गंधी येणारी जखम होते. कर्करोग त्वचेपर्यंत पोहोचल्याची ही लक्षणे असू शकतात. पण ‘आता उपयोग नाही’ असे समजून घरी बसणे चुकीचे आहे.

रोग फुफ्फुस, यकृत किंवा हाडांत गेला आहे का, हे आधी तपासतात. गेला नसेल तर सहसा केमोथेरपीने गाठ लहान करतात. नंतर स्तन, बाधित त्वचा आणि काखेतल्या लसिका ग्रंथी काढतात. मात्र कधी त्वचा इतकी काढावी लागते, की टाके घालायला कडा जुळत नाहीत. तेव्हा प्लास्टिक सर्जन पाठीवरचा रुंद स्नायू त्वचेसह, त्याची रक्तवाहिनी न तोडता, काखेतून छातीवर आणतात. इटलीतील शल्यविशारद इजिनिओ तान्सिनी यांनी १९०६ मध्ये ही पद्धत मांडली होती.

हा नटण्यामुरडण्याचा भाग नव्हे. रक्तपुरवठा शाबूत असलेली त्वचा चांगली भरून येते, जखम बंद होते आणि पुढचे रेडिएशन वेळेवर सुरू करता येते. खांदा आखडू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम मात्र नेमाने करावे लागतात. स्तनाला आकार देण्याची शस्त्रक्रिया नंतरही करता येते.

गाठ लागली, त्वचा बदलली किंवा स्तनाग्र आत ओढले गेले, तर दुखण्याची वाट पाहू नये.